ठळक, चिंचोळा आणि तिरपा देवनागरी फॉन्ट हवा आहे (‘खान्देश’चं ‘रवान्देश’ करून बसलोय)

फ्लेक्सवाला | सोमवार, रात्री ११:१०

राम राम मंडळी. अमळनेरला माझं छोटं दुकान आहे. फ्लेक्स, रेडियम, लग्नपत्रिका, आणि यंदा हीट प्रेस (कापडावर अक्षरं तापवून दाबायचं यंत्र) घेतल्यापासून जर्सी. परवा शेजारच्या गावची कबड्डीची पोरं आली. एकाच्या मोबाईलवर कुठल्यातरी परदेशी फुटबॉल संघाच्या जर्सीचा फोटो. इंग्रजी अक्षरं जाड, चिंचोळी, उजवीकडे कललेली, आत्ता सुटतील की मग सुटतील अशी. "दादा, अस्संच पाहिजे, पण मराठीत. छातीवर खान्देश, पाठीवर आडनाव आणि नंबर."

मी म्हटलं, त्यात काय मोठं. कोरल हा डिझाइनचा प्रोग्रॅम उघडला, वर्षानुवर्षं वापरतोय तो जुना जाड फॉन्ट घेतला, रुंदी साठ टक्के केली, वीस अंशांचा स्क्यू दिला (म्हणजे अक्षर उजवीकडे ढकलून कलवलं), भोवती पांढरी कंटूर, म्हणजे बाहेरची रेघ, मारली आणि कापणाऱ्या प्लॉटरला पाठवलं. बारा जर्सी दाबल्या, घड्या घालून ठेवल्या. संध्याकाळी कप्तान आला, एक जर्सी काउंटरवर पसरली, बराच वेळ बघत राहिला. मग म्हणतो, "दादा, हे रवान्देश कुठं आलं?"

तेव्हा मला दिसलं. कंटूरची पांढरी रेघ ख च्या मधल्या फटीत शिरली होती आणि ख चा सरळ र आणि व झाला होता.

बारा जर्सी माझ्या अंगावर पडल्या ते सोडा. पण नुसता ख सुधारून भागत नाहीये. स्क्यू दहा करून पाहिला, पंधरा करून पाहिला. अक्षर पळतंय असं वाटतच नाही, रात्री उशिरा भिंतीला धरून घरी चाललेल्या माणसासारखं दिसतं. शिरोरेघ जाडजूड आणि काने, म्हणजे उभ्या रेघा, काडीसारखे. त्यात एकाचं आडनाव सूर्यवंशी. त्याचा तर पार चिवडा झालाय.

इंग्रजीत असले फॉन्ट ढिगाने पडलेत. आपल्याकडे जाड, चिंचोळा आणि तिरपा असं तिन्ही एकत्र काही मिळतं का? रविवारी सामने आहेत.

भरीतप्रेमी | सोमवार, रात्री ११:२६

रवान्देश! मग राजधानी शिरापूर का?

बुऱ्हाणपूररोड | सोमवार, रात्री ११:४१

अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि शहजादा दानियालच्या नावावरून खान्देशचं दानदेश करून टाकलं. ते टिकलं नाही. तुमचंही टिकणार नाही, निवांत झोपा.

शुद्धपक्ष | मंगळवार, सकाळी ७:०५

मुळात खान्देश की खानदेश, हे आधी ठरवा. फारुकी राजांच्या ‘खान’ पदवीवरून नाव आलं असं मानलं तर खानदेश. मग अर्धा न आणि द यांची जोडणीच टळते, तेवढीच जागा वाचेल.

फ्लेक्सवाला | मंगळवार, सकाळी ९:३०

शुद्धपक्ष, पोरांनी कागदावर खान्देश लिहून दिलंय. मी एकदा नाव बदललंय, दुसऱ्यांदा बदललं तर मला मैदानात उभं करतील, आणि चढाईला नव्हे.

टंकमित्र | मंगळवार, दुपारी १:१५

फ्लेक्सवाला, तुमच्या सगळ्या तक्रारींचं मूळ एकाच जागी आहे: तुम्ही अक्षर दाबलंत आणि ढकललंत. जरा सविस्तर लिहितो, कारण मीही हेच केलेलं आहे.

आधी दाबणं. समजा तुमच्या अक्षराचा काना २० मिलिमीटर जाड होता आणि शिरोरेघही २०. रुंदी साठ टक्के केली की काना १२ वर येतो. शिरोरेघ मात्र २० वरच राहते, कारण तिची जाडी आपण उभी मोजतो आणि उंचीला तुम्ही हातच लावलेला नाही. बारीक पायांच्या माणसाच्या डोक्यावर चाऱ्याचा भारा, तसं ते दिसणार. चिंचोळा फॉन्ट मुळापासून काढणारा माणूस काना जाडच ठेवतो, अक्षराच्या पोटातली जागा कमी करतो आणि शिरोरेघेची जाडी उलट थोडी उतरवतो. म्हणजे तुम्ही केलंत त्याच्या बरोबर उलटं.

आता ढकलणं. स्क्यूमध्ये प्रत्येक बिंदू आपापल्या उंचीच्या हिशोबाने उजवीकडे सरकतो. १२ सेंटिमीटर उंच अक्षराचं डोकं वीस अंशाला जवळजवळ साडेचार सेंटिमीटर सरकतं. दहा अंशाला दोनच्या थोडं वर. इंग्रजी तिरपी अक्षरं बहुधा आठ ते बारा अंशांत असतात, तेव्हा वीस म्हणजे फारच झालं. आणि आपली शिरोरेघ आडवी आहे, ती कितीही ढकला, आडवीच राहणार. इंग्रजी शब्द अख्खा कलतो. आपल्याकडे पाय कलतात आणि छप्पर सपाटच राहतं. तुमचं भिंत धरलेलं माणूस तिथून आलंय.

तिसरी गोष्ट चटकन दिसत नाही. ठ सारखं गोल अक्षर घ्या. स्क्यू दिल्यावर त्याचा वरचा उजवा आणि खालचा डावा भाग फुगतो, वरचा डावा आणि खालचा उजवा बारीक होतो. र ची खाली उजवीकडे उतरणारी शेपटी आपोआप जाड होते. ख मध्ये र ची शेपटी आणि व चं पोट शेजारीशेजारी असतात, म्हणजे एक फुगलेलं आणि दुसरं आवळलेलं. तिथेच तुमची कंटूर घुसली.

फॉन्टचं विचाराल तर ‘खंड’ आणि ‘तेको’ बघा. दोन्ही इंडियन टाइप फाउंड्रीचे, गूगल फॉन्ट्सवर फुकट, धंद्यासाठी वापरायलाही मोकळे. मुळातच चिंचोळे काढलेले आहेत आणि ठळक वजनही, म्हणजे जाड रूपही आहे. तिरपं मात्र दोन्हींत नाही. ‘पॉपिन्स’मध्ये देवनागरीसकट तिरपे आहेत, पण तो ऐसपैस फॉन्ट, चिंचोळा नव्हे. ‘नोटो सान्स देवनागरी’त अरुंद रुंद्या आहेत, तिरपं नाही. फुकटच्या दुकानात तिन्ही एका पुडीत बांधून मला तरी मिळालेले नाहीत.

भरीतप्रेमी | मंगळवार, दुपारी १:४०

खान्देशच्या जर्सीला खंड फॉन्ट. अर्धं नाव तर तयारच आलं.

अनवाणी | मंगळवार, दुपारी ३:२०

मला एक कळत नाही. देवनागरीला कलवायचंच कशाला? ही साहेबाच्या लिपीची हौस आहे. मराठीत जोर द्यायचा तर अक्षर ठळक करा, मोठं करा, रंग बदला. आपल्या पोथ्यांत कुणी अक्षरं तिरपी केली होती?

जुळारी | मंगळवार, सायंकाळी ६:०२

अनवाणी, अर्धं बरोबर.

मी धुळ्याच्या एका छापखान्यात सतरा वर्षं खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवले. ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या खणांच्या पाटीत हात, बोटं काळी. आमच्या पाट्यांत देवनागरी तिरपे खिळे कधी आलेच नाहीत. इंग्रजीचे होते. पत्रिकेत नवऱ्या मुलाची डिग्री इंग्रजीत टाकायची असली की ते निघायचे. कारणही साधं आहे. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबणारा भाग आधीच भरपूर. त्यात अक्षर कलवलं तर आणखी बाहेर, आणि लोंबणारं शिसं दाबाखाली मोडतं. वेलांटी मोडलेला खिळा हातात घेऊन मालकाच्या शिव्या मी पुष्कळ खाल्ल्यात.

इंग्रजीत तरी तिरपं अक्षर जोर द्यायला कुठे जन्मलं? व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने १५०१ मध्ये खिशात मावतील अशी पुस्तकं काढली, त्यासाठी ग्रिफोने लोकांच्या चालत्या हस्ताक्षरासारखे खिळे कोरले. जागा कमी खायचे. इटलीचं म्हणून इटालिक. मुळात ती घाईची लिखावट.

घाईची लिखावट आपल्याकडेही होती, तिचं नाव मोडी. आधी अख्ख्या ओळीची शिरोरेघ ओढायची आणि मग हात न उचलता त्याखाली पळत सुटायचं. धुळ्यात आलात तर राजवाडे मंडळाची मोडी कागदपत्रं बघा, आणि समर्थ वाग्देवता मंदिरातल्या पोथ्याही बघा. पोथीतलं बाळबोध अक्षर ताठ बसलेलं, मोडी पळणारं. तेव्हा पळणारं अक्षर परकं म्हणता येणार नाही. स्क्यूचं बटण परकं आहे.

अनवाणी | मंगळवार, सायंकाळी ६:४५

मोडीचा मुद्दा मान्य. पण मोडी कुणी छातीवर लावत नव्हतं.

ब्रशनंबरआठ | मंगळवार, रात्री ९:५०

मला फॉन्टमधलं काही कळत नाही, पण हे अक्षर मी लहानपणापासून बघतोय.

वडील पेंटर. सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यात केळीच्या गाड्या रंगवायचे. दिल्लीला जाणाऱ्या ट्रकच्या फाळक्यावर मालकाचं नाव, गावाचं नाव, आणि वर देवाचं नाव. मालक लोकांना दोनच गोष्टी हव्या असायच्या: अक्षर मोठं आणि अक्षर पळतं. जागा मात्र फाळक्याच्या दोन पट्ट्यांच्या मधली, आडवी नि लांबट, आणि तिच्यात नाव असायचं हातभर लांब.

वडिलांची रीत सांगतो. ओल्या फडक्याने फळी पुसायची. खडूत बुडवलेली दोरी दोन टोकांना धरून टण्णकन मारायची, की सरळ रेघ. अशा तीन रेघा: शिरोरेघेची, पायाची, आणि वर मात्रांसाठी एक. मग जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची एक तिरपी पट्टी कापलेली असायची, ती सरकवत सरकवत सगळ्या कान्यांच्या तिरप्या रेघा खडूने पाडायच्या. आधी फक्त काने. त्यांच्यामध्ये मग पोटं बसवायची. गोल कधीच पट्टीने तिरपा करायचे नाहीत, तो हातानेच. शिरोरेघ सगळ्यांत शेवटी, श्वास धरून, एका दमात. ती कान्यापेक्षा बारीक ब्रशने. मी एकदा विचारलं, असं का, तर म्हणाले, डोकं जड झालं की माणूस पुढे पडतो.

आमच्याकडे गिऱ्हाईक यायचं, "आप्पा, अक्षर एकदम तिरपं करा." आप्पा ऐकून घ्यायचे आणि स्वतःला हवं तेवढंच तिरपं करायचे. त्यांचं ठरलेलं वाक्य अहिराणीत होतं: "अक्षर पयनं पाहिजे, पडनं नही." म्हणजे अक्षर पळायला हवं, पडायला नको.

टंकमित्र यांनी शिरोरेघ उतरवायचं लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला. आप्पांनी मोजपट्टी कधी लावली नव्हती.

टंकमित्र | मंगळवार, रात्री १०:३०

ब्रशनंबरआठ, दंडवत. आधी काने, मग पोटं, शेवटी शिरोरेघ. शिकवणीत हे कुणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं. आप्पांच्या ट्रकचा एखादा फोटो आहे का?

ब्रशनंबरआठ | मंगळवार, रात्री १०:४८

एकच आहे, त्यात ट्रकपुढे मी उभा आहे आणि अक्षरांवर माझं डोकं आलंय.

रेडियमकाका | बुधवार, सकाळी ८:१२

फ्लेक्सवाला भाऊ, मी चोपड्याला गाड्यांच्या काचांवर रेडियम लावतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा, नाहीतर रविवारी पुन्हा इथेच याल.

चिंचोळ्या जाड अक्षराच्या पोटातलं भोक फार बारीक होतं. ष, घ, भ, ध यांचं भोक सोलताना कटरच्या टोकाने उचलावं लागतं आणि दहातलं एक तरी अर्धवट राहतं. मग घ चा ध दिसतो. भोकाची रुंदी सोलता येईल एवढी ठेवा, मग अक्षर जरा रुंद झालं तरी होऊ द्या.

दुसरं म्हणजे अनुस्वार. तो सुटा तुकडा. कशालाच चिकटलेला नाही. गाडीच्या काचेवर धुताना पहिला तोच जातो. जर्सी तर धरून ओढतात. टिंब मोठं ठेवा, गोल न ठेवता तिरपं चौकोनी ठेवा, चिकटायला अंग जास्त मिळतं. सूर्यवंशीत रफार आहे, अनुस्वार आहे, खाली मोठा ऊकार आहे. तेच आडनाव आधी कापून बघा. ते निभलं तर महाजन, पाटील, कोळी झोपेत कापाल.

पाटीवाला | बुधवार, सकाळी ११:००

धागा वाचून राहवलं नाही. जळगावात माझं पाट्यांचं काम आहे, आणि चिंचोळ्या देवनागरीची गरज आता जर्सीपुरती राहिलेली नाही. दुकानांच्या पाट्यांचा नियम २०२२ मध्ये बदलल्यापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. मुंबईच्या दुकानदारांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर आमच्याकडेही रांग लागली.

आता गंमत बघा. दुकानाचं नाव इंग्रजी, लांबलचक. पाटी दीड फूट उंच. इंग्रजी मोठी अक्षरं त्यात सरळ उभी राहतात, ना वर काही ना खाली काही. मराठीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार. गिऱ्हाईक पट्टी घेऊन येतं आणि म्हणतं दोन्ही सारखी उंच करा. पण मराठी अक्षर कुठून कुठे मोजायचं? वेलांटीच्या डोक्यापासून उकाराच्या पायापर्यंत मोजलं तर मधलं अक्षर निम्मंच राहतं आणि लांबून मराठीच बारीक दिसते. शिरोरेघेपासून पायापर्यंत सारखं केलं तर मात्रा पाटीबाहेर. मग मी मराठी चिंचोळी करून उंची वाढवतो. दाबूनच करत होतो आजवर. चाऱ्याचा भारा वाचला आणि गेल्या दोन वर्षांतल्या माझ्या सगळ्या पाट्या डोळ्यांसमोर आल्या.

भरीतप्रेमी | बुधवार, सकाळी ११:२०

पाटीवाला, त्यातल्या एका पाटीखाली मी रोज वांगी घेतो. भारा दिसतो.

शुद्धपक्ष | बुधवार, दुपारी १२:१५

श कोणता घेणार आहात? १० नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयात देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल घ्या असं स्पष्ट सांगितलंय, शेंडीफोड्या श आणि दंडयुक्त ल नको. खान्देशचा शेवट श वर होतो आणि सूर्यवंशीतही श आहे. जर्सी सरकारी नाही हे मला माहीत आहे, तरीही.

टंकमित्र | बुधवार, दुपारी १:०५

शुद्धपक्षांचा मुद्दा कामाचा आहे. युनिकोडमध्ये दोन्ही श चा क्रमांक एकच, रूप फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांत मराठीचे ल-श आत दडवून ठेवलेले असतात, प्रोग्रॅमला मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की बाहेर येतात.

फ्लेक्सवाला, आता माझं सरळ मत. छातीवरचा ‘खान्देश’ हा एकच शब्द आहे. त्याच्यासाठी फॉन्ट शोधू नका, शब्द काढा. पाठीवरची आडनावं बदलती आहेत, त्यांना फॉन्ट लागेल. ती खंडच्या ठळक वजनात उभी टाइप करा, सात-आठ अंश कलवा, मग गोल आणि शेपट्या हाताने नीट करा. पूर्ण फॉन्ट करायचा म्हटलं तर जोडाक्षरं धरून काहीशे आकार, प्रत्येकावर रफार नि अनुस्वार कुठे बसणार त्याच्या खुणा. तो रविवारचा विषय नाही.

आणि वर अनुस्वार-रफार आहे तिथे ध्यान द्या. स्क्यूमध्ये वरची खूण जास्त सरकते, कारण ती जास्त उंचावर असते. शेजारची वेलांटीही तेवढीच सरकते म्हणून टक्कर होत नाही, पण खूण आपल्या अक्षराच्या पायापासून दूर गेलेली दिसते. सूर्यवंशीत वं चं टिंब शी कडे सरकल्यासारखं दिसेल.

फ्लेक्सवाला | बुधवार, रात्री ११:५५

आजचा अहवाल.

एक, माझं कोरल जुनं आहे. खंडमध्ये टाइप केलं तर जोडाक्षरं सुटी पडतात, अर्धा न वेगळा, रफार भलतीकडे. भाच्याच्या लॅपटॉपवर इंकस्केप या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये टाइप करून, अक्षरांची वळणं करून (म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचं रेघांचं चित्र करून) कोरलमध्ये आणलं. जमलं.

दोन, ब्रशनंबरआठ यांच्या आप्पांची रीत करून पाहिली. ए४ कागदावर आधी नऊ अंशांच्या तिरप्या रेघा छापल्या. त्यावर पेन्सिलने फक्त काने: ख चा, आकाराचा, न चा नाही (तो अर्धा), श चा. मग पोटं. ख ची र कडची शेपटी व च्या पायाला घट्ट जोडली, मानक देवनागरीत जोडतात तशी. आता कंटूरच्या बापाची तिथे शिरायची हिंमत नाही. द ला काना नसतो, तो कशाच्या आधाराने तिरपा करायचा? तासभर त्यातच गेला. शेवटी त्याची खालची शेपटी कलवली आणि पोट सरळ ठेवलं. दिसतंय बरं.

तीन, शिरोरेघ कान्याच्या पाऊणपट केली. आणि ती डावीकडे ख च्या आधी थोडी बाहेर काढून टोक तिरपं छाटलं. तेवढ्याने अख्खा शब्द पुढे झुकल्यासारखा वाटतो. हे कुणी सांगितलं नव्हतं, चुकून झालं.

टंकमित्र | गुरुवार, सकाळी ७:४०

चुकून झालेलं ठेवा. छप्पर कलत नाही म्हणून त्याची टोकं छाटायची, ही जाणून करण्याजोगी गोष्ट आहे. श च्या बाजूचंही टोक त्याच कोनात छाटा.

ब्रशनंबरआठ | गुरुवार, सकाळी ८:०५

आप्पा ट्रकवर असंच टोक छाटायचे. मला वाटायचं ब्रश उचलताना राहून जातं.

अनवाणी | गुरुवार, सकाळी ९:१५

फोटो टाका. विरोधक म्हणून मला बघायचा हक्क आहे.

फ्लेक्सवाला | गुरुवार, रात्री १०:२०

फोटो टाकलाय. श देठयुक्त घेतलाय, शुद्धपक्ष खूश व्हावेत. सूर्यवंशी अजून छळतोय. सू चा ऊकार खाली नंबरावर येतोय. नंबर दोन सेंटिमीटर खाली सरकवला. रफार य च्या कान्यावर बसवला, उजवीकडे सरकला होता तो मागे ओढला. अनुस्वारही मागे ओढला. रेडियमकाका, टिंब चौकोनी करायचं होतं, पण पोरं म्हणाली गोलच छान दिसतं. गोलच ठेवलंय.

रेडियमकाका | गुरुवार, रात्री १०:३१

बरं.

अनवाणी | गुरुवार, रात्री १०:४४

पाहिला. तिरपं नको हे माझं मत कायम. पण हे पळतंय.

पाटीवाला | शुक्रवार, सकाळी १०:१०

मी काल एक पाटी खंडमध्ये न दाबता केली. गिऱ्हाईक म्हणालं, अक्षर जाड का झालं? म्हटलं, आधी बारीक होतं, तुम्हाला सवय झाली होती.

फ्लेक्सवाला | सोमवार, सकाळी ९:००

सामने झाले. पोरं उपांत्य फेरीत दोन गुणांनी हरली. प्रेक्षकांत बसून मी गुणफलकापेक्षा जर्सीच जास्त बघितल्या. मैदानाच्या पलीकडून खान्देश स्वच्छ वाचता येत होतं, ख ख च होता. दुसऱ्या संघाच्या मॅनेजरने नंबर घेतलाय माझा.

जुन्या बारा ‘रवान्देश’ जर्सी सरावाला वापरायला दिल्या. त्या पोरांना नव्यांपेक्षा जास्त आवडल्यात. कप्तानाने तर सांगितलं, संघाचं टोपणनावच रवान्देश पडलंय.

आणि दुसऱ्या चढाईत सूर्यवंशीला पाठीमागून धरला. सुटला, गुण घेऊन आला, वळला तर पाठीवर ‘सूर्यवशी’. अनुस्वार मातीत. सामना संपल्यावर शोधला, सापडला, पण आता चिकटत नाही.

रेडियमकाका | सोमवार, सकाळी ९:०४

चौकोनी कापून ठेवलाय इथे. चोपड्याला आलात की घेऊन जा.